चार आवाज आणि एक पियानो : ‘द स्टेट्समेन क्वार्टेट’ची आठवण

मराठीच्या अध्यापकांनी अमेरिकेच्या दक्षिण भागातील गोऱ्या ख्रिस्ती भजनी मंडळींवर लेख लिहावा, हे काहींना विचित्र वाटेल. आम्हालाही तसे वाटले होते, आणि म्हणून हा लेख अनेक वर्षे लांबणीवर पडला. परंतु ज्या गाण्यांनी आपल्या तरुणपणाच्या संध्याकाळी व्यापल्या, त्यांचा हिशेब कधीतरी मांडावाच लागतो. आठवणी गोड असतील तर अधिकच, कारण गोड आठवणींना कोणी प्रश्न विचारत नाही.

आम्ही दोघे एम.ए.च्या वर्गात होतो तेव्हा आमच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. त्यांनी उमेदीच्या काळात एक वर्ष अटलांटा शहरात काढले होते आणि येताना पुस्तकांबरोबर काही कॅसेटी आणल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी चार-सहा विद्यार्थी जमत. चहा होई, कवितेवर बोलणे होई, आणि शेवटी सर एक कॅसेट लावत. तिच्यावर ‘स्टेट्समेन’ एवढेच लिहिलेले होते. ख्रिस्ती भक्तिगीत म्हणजे आमच्या लेखी रेव्हरंड टिळक. अभंगाच्या चालीवर जाणारी, ज्ञानेश्वर-तुकारामांशी नाते सांगणारी ती रचना आम्ही अभ्यासक्रमात वाचली होती. इथे मात्र निराळेच काही ऐकू येत होते. चार पुरुष एकाच वेळी चार निरनिराळ्या सुरांवर गात होते, पियानो एखाद्या उनाड मुलासारखा त्यांच्या मधून धावत होता, आणि या सगळ्याला प्रार्थना म्हणायचे होते. आम्ही गोंधळलेले पाहून सर म्हणाले, “शब्द सगळे कळले नाहीत तरी चालेल. फक्त सगळ्यात खालचा आवाज धरून ठेवा. बाकीचे तिघे आपोआप सापडतील.” ती सूचना आम्ही आजही पाळतो.

‘क्वार्टेट’ या शब्दाला मराठीत सरळ पर्याय नाही. ‘चौकडी’ म्हणावे तर तिच्यामागे ‘चांडाळ’ हा शब्द सावलीसारखा येतो, आणि ‘चतुष्टय’ म्हटले की गाणे सोडून तत्त्वज्ञान सुरू होते. तेव्हा क्वार्टेट हाच शब्द आम्ही ठेवतो.

त्याची रचना समजून घेणे अवघड नाही. मुख्य चाल गातो तो ‘लीड’. त्याच्या वर, उंच पट्टीत, ‘टेनर’ जातो. सर्वांत खाली ‘बास’ असतो; इमारतीचा पाया म्हणावा असा. आणि या तिघांमध्ये जी जागा उरते ती ‘बॅरिटोन’ भरतो. बॅरिटोनचे काम सर्वांत कृतघ्न. त्याचा सूर वेगळा ऐकू येत नाही. पण तो गप्प बसला की काहीतरी हरवले आहे हे सर्वांना कळते. आपल्या संगीतात एक गायक षड्जाच्या आधाराने सुरांचा प्रवास करतो, आणि साथीदार त्याच्या मागोमाग जातात. इथे चौघेही एकाच क्षणी चालतात, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे ऐकत चालावे लागते. त्यात ‘मी’ला फारसा वाव नसतो.

हे गाणे आले कोठून? त्याची मुळे भक्तीत आहेत तितकीच शाळेत आणि छापखान्यात आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील खेड्यांत एकोणिसाव्या शतकात फिरत्या ‘गायनशाळा’ भरत. शिक्षक गावात येई, काही दिवस मुक्काम करी आणि शेतकऱ्यांना सुरांची लिपी वाचायला शिकवी. ही लिपी साधी केलेली होती. सुराच्या चिन्हाचा आकारच त्याचे नाव सांगे : एखादा त्रिकोणी, एखादा चौकोनी, एखादा हिऱ्यासारखा. 1801 साली चार आकारांची पद्धत छापली गेली आणि पुढे 1846 साली जेसी एकिन याने सात सुरांसाठी सात आकार रूढ केले. जो माणूस जेमतेम अक्षर वाचू शके, तोही चार आवाजांत गाऊ लागला. व्हर्जिनियातील शेनान्डोआ खोऱ्यातून ही पुस्तके दक्षिणेत सर्वत्र गेली.

पुस्तके खपली पाहिजेत, हा पुढचा प्रश्न. टेनेसी राज्यातील लॉरेन्सबर्ग गावचा प्रकाशक जेम्स डी. व्हॉन याने 1910 साली त्यावर तोडगा काढला. त्याने चार गायकांना पगारावर ठेवले आणि गावोगाव पाठवले. त्यांनी नव्या पुस्तकातील गाणी गायची आणि गाणे आवडले की लोकांनी पुस्तक घ्यायचे. दक्षिणी गॉस्पेल क्वार्टेटचा जन्म असा विक्रेता म्हणून झाला. पुढे व्हॉनच्याच हाताखालून निघालेल्या व्ही. ओ. स्टॅम्प्स याने जे. आर. बॅक्स्टर यांच्यासह डॅलस येथे ‘स्टॅम्प्स-बॅक्स्टर’ ही मोठी प्रकाशन संस्था उभी केली, आणि तिच्याही नावाने क्वार्टेटे हिंडू लागली. भक्ती आणि बाजार यांची ही सोयरीक पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्यांना ही गाणी हवी होती ते कापसाच्या शेतांत आणि सूतगिरण्यांत राबणारे लोक होते, आणि पुस्तकासाठी ते पदरमोड करीत होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. रेडिओ घरोघर गेला होता, रस्ते सुधारले होते, लोकांच्या हाती थोडा पैसा आला होता. क्वार्टेटला आता पुस्तक विकण्याची गरज उरली नाही. ती स्वतःलाच विकू शकत होती. नोव्हेंबर 1948 मध्ये वॉली फाउलर या आयोजकाने नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात रात्रभर चालणारी गायनसभा भरवली आणि तिकीट लावले. तेथून अशा सभांचे पेव फुटले. आपल्याकडच्या संगीत नाटकांच्या रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांच्या कथा ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, त्यांना ते वातावरण सहज कल्पिता येईल. तेथेही ‘वन्स मोअर’ होता. गाण्याचा अखेरचा भाग लोकांच्या आग्रहावरून पुन्हा, आणखी एकदा, आणि आणखी एकदा गायला जाई. दर वेळी बास थोडा अधिक खाली आणि टेनर थोडा अधिक वर.

याच 1948 सालच्या शरदात अटलांटा शहरात होव्ही लिस्टर या बावीस वर्षांच्या पियानोवादकाने ‘द स्टेट्समेन क्वार्टेट’ स्थापन केली. ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ या वृत्तपत्राच्या मालकीच्या डब्ल्यूसीओएन या नभोवाणी केंद्रावरून ती प्रथम ऐकू आली. होव्ही हा साउथ कॅरोलिनातील ग्रीनव्हिलचा. तो बाप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशकही होता, पण पियानोवर बसला की उपदेशक कोणता आणि खेळिया कोणता, हे सांगणे कठीण होई. केस कपाळावर येत, तो बाकावरून उठून उभा राही, श्रोत्यांकडे वळे, विनोद करी आणि पुन्हा पट्ट्यांवर तुटून पडे. धर्मसभेत असे वागावे काय, म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. होव्हीने त्यांची पर्वा केली नाही.

पहिल्या संचात लीड गाणारा मोझी लिस्टर होता. आडनाव सारखे असले तरी तो होव्हीचा नातेवाईक नव्हता. त्याला प्रवासापेक्षा लेखन प्रिय होते. तो लवकरच बाजूला झाला आणि या परंपरेतील एक थोर गीतकार ठरला. त्याच्या जागी जेक हेस आला. अलाबामातील कुळाने शेती करणाऱ्या कुटुंबातले हे बारावे अपत्य. त्याचे शब्दोच्चार आम्ही पहिल्यांदा ऐकले तेव्हा इंग्रजी न समजण्याची आमची सबब एकदम लंगडी पडली. व्यंजन कोठे संपते आणि स्वर कोठे सुरू होतो, हे तो जणू बोट ठेवून दाखवी. 1949 साली जेम्स वेदरिंग्टन बास म्हणून आला. त्याला सारे ‘बिग चीफ’ म्हणत. 1951 साली बॅरिटोन डॉय ऑट आला, आणि 1953 साली टेनर डेन्व्हर क्रम्प्लर. ज्या संचाला जाणकार अभिजात म्हणतात तो हा. त्याचे आयुष्य चार वर्षांचे ठरले. मार्च 1957 मध्ये क्रम्प्लर वारला, तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. सरांच्या कॅसेटवरचे अर्धे गाणे याच चार वर्षांतले होते.

या काळात नॅबिस्को या बिस्किटांच्या कंपनीने त्यांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम प्रायोजित केला होता. त्याचे काही भाग आजही पाहायला मिळतात. एकसारखे सूट घातलेले चौघे जण एकाच ध्वनिक्षेपकाभोवती दाटीने उभे आहेत. ध्वनिमुद्रणाची आजची साधने नव्हती. कोणाचा आवाज किती यावा याचा तोल त्यांनी स्वतः पुढेमागे सरकून साधायचा. बिग चीफचा पाय पँटच्या आत थरथरतो आहे आणि प्रेक्षक हसत आहेत. मेम्फिसच्या एलिस सभागृहात अशा सभांना आईवडिलांबरोबर येणाऱ्या एका गरीब मुलाने तो पाय नीट पाहून ठेवला होता, असे जुने गायक पुढे सांगत. त्या मुलाचे नाव एल्व्हिस प्रेस्ली.

एल्व्हिसची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिच्यामागची ही गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. रॉक अँड रोलचा हा सम्राट आयुष्यभर क्वार्टेटमधील एक आवाज होण्याचे स्वप्न पाहत राहिला. मोझी लिस्टरचे ‘हिज हॅन्ड इन माइन’ हे गीत स्टेट्समेन गात असत. 1960 साली एल्व्हिसने आपल्या पहिल्या भक्तिगीतांच्या संपूर्ण तबकडीला तेच नाव दिले. त्याला स्पर्धेतून मिळालेले तिन्ही ग्रॅमी पुरस्कार भक्तिगीतांसाठी होते. ऑगस्ट 1977 मध्ये त्याच्या अंत्यविधीला जे गायले त्यांत जेक हेस होता आणि जेम्स ब्लॅकवूडही होता.

ब्लॅकवूड हे नाव आले की स्टेट्समेनची गोष्ट एकट्याची राहत नाही. ‘ब्लॅकवूड ब्रदर्स’ ही क्वार्टेट 1934 साली मिसिसिपी राज्यात एकाच घरातून निघाली : रॉय, डॉइल आणि जेम्स हे तिघे भाऊ आणि रॉयचा मुलगा आर. डब्ल्यू. 1950 साली ते मेम्फिसला आले. स्टेट्समेन आणि ब्लॅकवूड हे खरे तर प्रतिस्पर्धी, पण 1950च्या दशकात त्यांनी भागीदारी करून एकत्र दौरे काढले. एका रात्री दोघांतला कोण भाव खाऊन जातो हे पाहायला लोक गर्दी करीत.

जून 1954 मध्ये ब्लॅकवूड बंधूंनी न्यूयॉर्कला आर्थर गॉडफ्री यांच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणी स्पर्धेत बाजी मारली. दक्षिणेतल्या खेडवळ समजल्या जाणाऱ्या या गाण्याला साऱ्या देशाने टाळ्या दिल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 30 जून रोजी, दोन्ही क्वार्टेटे अलाबामातील क्लॅन्टन गावी पीच फळांच्या उत्सवात गायला आली होती. ब्लॅकवूड बंधूंचे स्वतःचे विमान होते आणि आर. डब्ल्यू. ते चालवी. धावपट्टी आखूड होती. परत निघण्यापूर्वी अंदाज घ्यावा म्हणून त्याने सायंकाळी एक चाचणी फेरी मारली. बास गायक बिल लाइल्स त्याच्या बरोबर होता, आणि गावातील एक तरुणही होता. उतरताना विमान कोसळले आणि पेटले. तिघेही गेले. हे सारे जेम्सच्या डोळ्यांदेखत घडले. तो ज्वाळांकडे धावला तेव्हा त्याला मिठीत धरून मागे ओढणारा माणूस जेक हेस होता, असे सांगतात. मेम्फिसच्या ज्या एलिस सभागृहात ते गात, तेथेच अंत्यविधी झाला आणि हजारो लोक लोटले.

आता आपण गाणार नाही, असे जेम्स म्हणाला होता. काही आठवड्यांतच तो पुन्हा गात होता. आर. डब्ल्यू.च्या जागी त्याचा धाकटा भाऊ सेसिल आला. बासच्या जागी जे. डी. समनर. हा समनर पुढे फार मोठा झाला. विमानाचा धसका घेतलेल्या या मंडळींसाठी त्याने बसच आतून बदलून घेतली आणि तिच्यात झोपण्याची सोय केली. फिरत्या कलावंतांच्या आजच्या आलिशान बसगाड्यांची कुळकथा तेथवर नेऊन पोचवता येते. 1957 साली मेम्फिसला पहिले ‘नॅशनल क्वार्टेट कन्व्हेन्शन’ भरले, तेही प्रामुख्याने त्याच्याच कल्पनेतून. ऑक्टोबर 1973 मध्ये याच कन्व्हेन्शनसाठी नॅशव्हिलला आलेला बिग चीफ तेथेच हृदयविकाराने वारला.

इथपर्यंतची गोष्ट आम्ही कोणालाही आनंदाने सांगत होतो. सरांनी ती आम्हाला अशीच सांगितली होती, आणि आम्ही ती आमच्या विद्यार्थ्यांना तशीच सांगू लागलो. त्या गोष्टीला खिंडार पडले ते एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाने.

दलित साहित्याच्या प्रेरणा शिकवताना काळ्या अमेरिकन साहित्याचा उल्लेख अपरिहार्य असतो. 1972 साली मुंबईत ‘दलित पँथर’ स्थापन झाली तेव्हा तिने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले, हे पाठ्यपुस्तकातही असते. जनार्दन वाघमारे यांच्या लेखनातून निग्रो साहित्याची ओळख आमच्या पिढीला झाली. तर त्या तासाला, उत्साहाच्या भरात, दक्षिणेचे संगीत म्हणून आम्ही स्टेट्समेनचे ‘गेट अवे जॉर्डन’ हे गाणे ऐकवले. वर्ग रंगला. गाणे संपल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, हे मुळात कोणाचे गाणे? आणि हे ऐकायला तिथे काळी माणसे कुठे बसायची?”

आम्हाला पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर ठाऊक होते. दुसरा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारलाच नव्हता. वीस वर्षे एक संगीत ऐकूनही नव्हता, याची शरम अजून गेलेली नाही.

उत्तर असे आहे. ‘गेट अवे जॉर्डन’ हे गाणे गुलामांच्या गीतपरंपरेतून आलेले आहे. त्या परंपरेत जॉर्डन नदी म्हणजे मृत्यूची सीमा, आणि त्याच वेळी मुक्तीचीही. पलीकडचा काठ स्वर्ग असू शकतो किंवा गुलामी नसलेला प्रदेश. 1950च्या दशकाच्या आरंभी हे गाणे डोरोथी लव्ह कोट्स या काळ्या गायिकेने बर्मिंगहॅमच्या ‘ओरिजिनल गॉस्पेल हार्मोनेट्स’बरोबर ध्वनिमुद्रित केले. तिचा आवाज गुळगुळीत नाही. तो खरखरतो, फाटतो, ओरडतो. पुढे नागरी हक्कांच्या आंदोलनात ती उतरली आणि तिने तुरुंगवासही भोगला. स्टेट्समेनचे ‘गेट अवे जॉर्डन’ त्याच नदीचे आहे, पण तेथे मरण हा जिंकून झालेला खेळ वाटतो. बिग चीफ पाय हलवतो, होव्ही पियानोवरून उठतो आणि लोक हसतात. ब्लॅकवूड बंधूंचे गाजलेले ‘स्विंग डाउन, चॅरियट’ हेही त्यांच्या आधी ‘गोल्डन गेट क्वार्टेट’ या काळ्या गायकांच्या संचाने लोकांपुढे आणले होते. रॅगटाइमच्या वळणाचा पियानो, ताल उलटा धरण्याची ढब, बासची उडी, शेवटच्या ओळीची चढत जाणारी पुनरावृत्ती : ज्याला आम्ही ‘स्टेट्समेन शैली’ म्हणत होतो, तिचा मोठा भाग उसना होता. आणि ज्यांच्याकडून घेतला, ते या सभांत शेजारच्या खुर्चीवर बसू शकत नव्हते. दक्षिणेतील सार्वजनिक सभागृहांत जिम क्रो कायद्यांनी गोऱ्या आणि काळ्यांच्या जागा वेगळ्या केल्या होत्या. पुष्कळदा काळ्यांना वरच्या सज्जात जागा असे, नाहीतर नसेच.

क्वार्टेटच्या नावाचीही एक कथा सांगतात. जॉर्जियात टॅल्मॅज या राजकीय घराण्याचे ‘द स्टेट्समन’ नावाचे पत्र होते आणि होव्हीने नाव तेथून घेतले. यूजिन टॅल्मॅज आणि त्याचा मुलगा हर्मन हे दोघेही राज्यपाल झाले, आणि दोघेही वर्णविभाजनाचे उघड पुरस्कर्ते होते. हर्मन निवडून आला तेही 1948 सालीच. ज्या वर्षी ब्लॅकवूड बंधूंचे विमान कोसळले त्याच वर्षी, त्या अपघाताच्या सहा आठवडे आधी, 17 मे 1954 रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले होते. स्वर्गात सर्वांना एकच घर मिळेल असे गाणाऱ्या त्या रात्रभरच्या सभांत या निकालाचा प्रतिध्वनी आम्हाला कोठे ऐकू येत नाही.

याचा अर्थ ही माणसे दुष्ट होती असा आम्ही काढत नाही. जेक हेस हा कुळाच्या घरातला. दारिद्र्य त्याने पाहिले होते. 1963 साली स्टेट्समेन सोडून त्याने ‘इम्पीरियल्स’ ही नवी क्वार्टेट उभी केली. तो तिच्यातून बाहेर पडल्यावर काही वर्षांनी, 1972 साली, त्याच इम्पीरियल्सने शर्मन अँड्रस या काळ्या गायकाला आपल्यात घेतले. दक्षिणेच्या गोऱ्या गॉस्पेल जगात ही पहिली लक्षणीय घटना. स्टेट्समेनच्या स्थापनेला तोवर चोवीस वर्षे झाली होती. चार आवाजांच्या गाण्यात प्रत्येकाला दुसऱ्याचे ऐकावे लागते, असे आम्ही वर म्हटले आहे. ऐकणे म्हणजे सूर उचलणे एवढेच असते का, हा प्रश्न या चोवीस वर्षांनी आमच्यापुढे ठेवला आहे.

हा प्रश्न केवळ त्यांचा नाही. आपल्याकडे ढोलकी कोणाची, हलगी कोणाची, लावणीचे घराणे कोणाचे आणि सभ्य रंगमंचावर तिच्या टाळ्या कोणाला, हे मराठीच्या अध्यापकाला सांगावे लागू नये. मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याने हा प्रश्न अमेरिकेविषयी विचारला खरा. पण तो कोठून आला होता, हे त्याला आणि आम्हाला दोघांनाही कळत होते.

फेब्रुवारी 1991 मध्ये बिल गेदर या गीतकाराने नॅशव्हिलच्या एका ध्वनिमुद्रणगृहात या परंपरेतील म्हाताऱ्या गायकांना एका ध्वनिमुद्रणासाठी बोलावले. काम संपल्यावरही कोणी घरी गेले नाही. पियानोभोवती जमून ते जुनी गाणी गात राहिले, आणि कॅमेरा चालू होता. त्या चित्रफितीतून ‘होमकमिंग’ नावाची प्रचंड लोकप्रिय मालिका निघाली. होव्ही, जेक, जेम्स ब्लॅकवूड : ज्यांना जग विसरले होते त्यांना पुन्हा श्रोते मिळाले. त्या फिती पाहताना आमचेही डोळे ओले होतात. घरी परतण्याची ती ओढ खरी आहे. पण ‘घर’ म्हटले की त्यात कोणाची खोली होती आणि कोण दाराबाहेर उभे होते, हे त्या गोड प्रकाशात दिसत नाही. स्मरणरंजन खोटे बोलते असे नाही. ते फक्त पुढच्या रांगांचे चित्र काढते आणि सज्जा चौकटीबाहेर ठेवते.

होव्ही लिस्टर डिसेंबर 2001 मध्ये गेला, जेम्स ब्लॅकवूड फेब्रुवारी 2002 मध्ये आणि जेक हेस जानेवारी 2004 मध्ये. डोरोथी लव्ह कोट्सही 2002 सालीच गेली. आमचे सरही आता नाहीत. त्यांच्या घरच्यांनी पुस्तके वाटताना ती कॅसेट आम्हाला दिली. टेप जागोजागी ताणली गेली आहे, त्यामुळे काही ठिकाणी टेनर बॅरिटोनसारखा ऐकू येतो. तरीही ती आम्ही टाकलेली नाही.

आता वर्गात आम्ही ‘गेट अवे जॉर्डन’ दोनदा ऐकवतो. आधी डोरोथी लव्ह कोट्स आणि मग स्टेट्समेन. क्रम बदलत नाही, कारण इतिहासाचा क्रम तोच आहे. पहिल्या गाण्यानंतर वर्ग शांत असतो. दुसऱ्यानंतर पाय ठेका धरतात, आणि मग त्या ठेक्याविषयी विद्यार्थ्यांना आपोआप प्रश्न पडतात. सरांची सूचना आम्ही अजूनही देतो, सगळ्यात खालचा आवाज धरून ठेवा म्हणून. सर ती बासविषयी सांगत असत. आम्ही ती सांगतो तेव्हा मागच्या बाकावरच्या त्या मुलाची आठवण येते.